वाटीतलं विरजण

देऊळघाट, मंगळवार, दिवेलागण

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. काल कापूस वेचणाऱ्या बायांना मी मठ्ठा पाजला. आज त्यांतलीच शेजारची जुबेदा उलट्या-जुलाबानं दवाखान्यात. लोक म्हणाले, कपाशीवरच्या फवारणीचं विष बाधलं. अळीला न बधणारं बीटी बियाणं आलं तरी फवारणी कुठे सुटली? मीही मान डोलावली. खोटं का लिहू, माझ्या मठ्ठ्याचं नाव निघालं नाही याचं बरंच वाटलं.

दुपारी दवाखान्यानं धाडलेला प्रयोगशाळेचा माणूस दारात. "आजी, मठ्ठ्याचं भांडं द्या. जंतू असले त उद्या संध्याकाळपर्यंत कळते. पयले चार-पाच दिवस लागत."

भांडं मी कालच राखेनं लख्ख घासलेलं! तो निघाला आणि मला शिंक्यातली वाटी आठवली. त्याच दह्याचं विरजण. गप्प राहिले असते तर झाकली मूठ. पण जुबेदाला औषध विषावरचं द्यायचं की जंतूवरचं? वाटी दिली.

तो गेला आणि मग ध्यानात आलं. त्याच वाटीतलं विरजण काल सांजेला मी दोन घरी दिलं होतं. धावले. एका घरी दही फेकायला लावलं. दुसरीकडे शांताची पोटुशी लेक हसली, "काऊन घाबरता आजी? मी त दुपारीच वाटीभर खाल्लं. तुमच्या हाताचं दही म्हंजे अमृत!"

आत्ता पुन्हा तिचं कपाळ चाचपून आले. गरम लागलं. पण माझा हातच भीतीनं बर्फ झालाय, त्याचं काय खरं? उद्याची संध्याकाळ अजून किती लांब आहे.