चंद्रीला न सांगता

१३ ऑगस्ट, बुधवार

सासूबाईंना तिसऱ्यांदा सांगितलं — ते हिरवं पातळ धुवायचं नाही. गोठ्यात खुंटीला आहे, तिथंच राहू दे. म्हणाल्या, "मी कशाला हात लावू त्या घाणीला." बरं झालं.

उद्या निघायचं. चार दिवस डोंगरात, भर पावसात, पाठीवर बोचकं घेऊन. कॅनॉलच्या रस्त्यानं रोज सकाळी चालणाऱ्या आम्ही सात बायका. हे खूळ अनिता मॅडमचं. त्या बारामतीच्या शाळेत भूगोल शिकवतात, त्यामुळं डोंगर त्यांना नकाशात सोपा दिसतो. मला डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं होतं, डोंगर चढायला नव्हे. पण नाव दिलं. देऊन बसल्यावर भ्यायले.

अडचण एकच — चंद्री, आमची म्हैस. शिमग्याला व्याली आणि रेडकू आठवडाभरात गेलं. तेव्हापासून ती फक्त मला धरते. माझा हात, माझा आवाज आणि धारेच्या वेळचं ते हिरवं पातळ असलं तर पान्हा सोडते, नाहीतर दूध चोरते. आमच्याकडं बाई गावाला गेली की धार काढणाऱ्यानं तिचं लुगडं नेसायचं, अशी रीत आहे. सासऱ्यांनी नेसलेलं मी पाहिलंय. आता गोकुळरावांनी नेसायचं. (नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, वहीत घ्यायला काय जातंय.)

जेवताना त्यांनी अट घातली. "जा. पर म्हस आटली, न्हाईतर कास बिघडली, तर मी इकून टाकीन. आन परत कुठं जायाचं नाव काढायचं न्हाय." आमटी वाढून घेत घेत म्हणाले. मी "बरं" म्हटलं. हे इंदापूरला बहिणीकडं जातात ते दोन-दोन दिवस राहून येतात. मी माहेरी लोणी भापकरला गेले तरी संध्याकाळच्या धारेला परत. लग्न झाल्यापासून असंच चाललंय आणि कधी कुणी ठरवलेलंही नाही.

आमच्या सातजणींतल्या सिंधुबाई म्हणतात, निघताना चंद्रीला सांग, जनावराला कळतं. कळतं म्हणूनच सांगितलं नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सकाळची धार काढून निघाले. भोरच्या पुढं जिथं रस्ता संपला तिथं गाडीनं उतरवलं. तिथून पाय.

आमच्या गावाला, पिंपळीला, पाऊस म्हणजे लांबचा पाहुणा. येतो, तोंड दाखवतो, चहाला थांबत नाही. इथं तो घरचाच आहे. सकाळपासून एकदाही उघडला नाही. विंडचीटरच्या आत घाम, बाहेर पाऊस, मधे मी. सिंधुबाईंनी ते काही घेतलंच नाही. नऊवारीचा काचा मारला, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ घेतली आणि सगळ्यांच्या पुढं. वय साठीचं. मूळच्या भिगवणच्या, माहेर पाण्याकाठचं. पाण्याला भीत नाहीत.

चढ म्हणजे काय ते आमच्या सपाटीच्या गुडघ्यांना आज कळलं. दोन्ही बाजूंना कारवी, पायाखाली वाहती वाट. वर पाहिलं तर धुकं, खाली पाहिलं तरी धुकं. मधेच एका ठिकाणी ते फाटलं आणि समोरच्या कड्यावरून पाणी पडताना दिसलं. एक नाही, कितीतरी ओहोळ. अनिता मॅडम थांबून म्हणाल्या, "हे पाणी नीरेला, नीरेचं धरणात, धरणाचं कॅनॉलला, आणि कॅनॉलचं तुमच्या भेंडीला."

सिंधुबाई म्हणाल्या, "मग हितंच लावायची की भेंडी."

मी पाहत राहिले. कॅनॉलच्या पाळीचं पाणी एक दिवस उशिरा आलं तर आमच्याकडं भाऊ भावाशी बोलत नाही. इथं ते असं उधळून दिल्यासारखं. राग आला का आनंद झाला, सांगता येत नाही.

मुक्काम पठारावरच्या शाळेच्या पडवीत. धारेची वेळ झाली तेव्हा हात शिवशिवले. काय करावं कळेना, म्हणून सगळ्यांचे मोजे पिळून वाळत घातले. वाळणार नाहीत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन धुक्यात. झेंडा वर गेला तो दिसेनासाच झाला. आम्ही अंदाजानं सलाम केला.

रेंज फक्त देवळामागच्या कातळावर येते. तिथं जाऊन उभी राहिले आणि फोन वाजलाच.

"आयनं पातळ धुतलं," हे म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. काल मी फाटकाबाहेर पडते न पडते तोच सासूबाईंनी पातळ खुंटीवरनं काढलं, पावडरमध्ये भिजवलं, आपटलं, दोरीवर घातलं. का? तर "माझा ल्योक असलं घाण लुगडं नेसंल व्हय?"

त्यांनी ते स्वच्छ पातळ नेसलं. चंद्रीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. काल संध्याकाळी थेंब नाही, आज सकाळी नाही. वर शेजारच्या अजितनं फोटो काढला तो वेगळाच.

सासूबाईंचा राग आला. पातळ धुतल्याचा नाही. इतकी वर्षं तेच घाण पातळ मी नेसत होते, तेव्हा त्यांना काही वाटलं नाही, त्याचा.

हे म्हणाले, "कास तट्ट झालीया. आज न्हाय सोडलं तर दगडी हुईल. अज्या म्हणतोय सुई टोचू. सुईवर सोडतीया म्हणं."

एकदा सुईची सवय लागली की जनावर हाताला सोडत नाही. मी म्हटलं, "सुई टोचली तर मी परत येणार नाही."

तोंडून असं कसं निघालं कुणास ठाऊक. मग रेंजच गेली.

मॅडमना म्हटलं, मी मागं फिरते. त्या शाळेच्या गुरुजींशी बोलून आल्या. काल आलो त्या वाटेवर रात्री दरड आलीय. आता पुढं चालूनच पलीकडच्या खोऱ्यात उतरता येईल. म्हणजे घरी जायचं तरी डोंगर ओलांडूनच.

त्याच दिवशी, संध्याकाळी

पुन्हा कातळावर. वारा असा की उभं राहवेना. यांना म्हटलं, फोन चंद्रीच्या कानाला लावा. लावला. मी त्या पठारावर उभी राहून ओरडले, "चंद्रे, ये बाय, ये माझी बाय ती, सोड, सोड." मागं सगळ्या बायका हसत होत्या. मग हसायच्या थांबल्या. सिंधुबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

हे म्हणाले, "कान हालवला." मग म्हणाले, "पर दूध न्हाय."

१६ ऑगस्ट, शनिवार

दिवसभर धारेवरून चाललो. म्हणजे डोंगराच्या धारेवरून. दोन्हीकडं काय आहे ते दिसत नव्हतं आणि तेच बरं होतं. रानहळदीची गुलाबी फुलं वाटेत जागोजाग. मॅडम त्यांचे फोटो काढत होत्या. मला फुलं दिसत होती, पण डोक्यात कासच.

दुपारनंतर उतरलो तर खाली ओढा. ओढा कसला, नदीच. पलीकडं दोन घरं आणि त्यापुढं गाडीरस्ता. मॅडम म्हणाल्या, थांबू. सिंधुबाई काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "पाटकऱ्याला फोन लाव गं, म्हणावं दार टाक." सगळ्या हसल्या. खरं सांगायचं तर आमच्यातल्या प्रत्येकीला आतून तसंच वाटत होतं, की वर कुठंतरी कुणीतरी दार टाकेल आणि संध्याकाळपर्यंत पाणी उतरेल. आम्हाला पाणी माहीत आहे ते पाटकऱ्यानं उघडलेल्या कॅनॉलच्या दारातून सुटणारं.

मला दम निघत नव्हता. मीच म्हटलं, "गुडघाभर तर आहे, जाऊया." सिंधुबाईंनी माझ्याकडं पाहिलं. काचा घट्ट करून पाण्यात उतरल्या. माझ्यासाठी उतरल्या. चार पावलांवर पाणी कमरेला लागलं आणि त्यांचा पाय सुटला. मी आणि मॅडमनी खोळ धरली, खोळ हातात आली. मग दंड धरला. ओढून काढलं तेव्हा त्यांच्या पायात एकच चप्पल होती.

काठावर बसून म्हणाल्या, "तुज्या म्हशीपायी माजी चप्पल गेली बघ." त्यांचे ओठ निळे पडले होते. मला धरून ठेवलेलं रडू तिथं आलं. त्यानंतर मी घाई केली नाही.

अलीकडच्या काठाला थोडं वर एक घर सापडलं. भिमाबाईंचं. एकट्याच असतात, मुलं पुण्यात. आम्हा सगळ्यांना काही न विचारता चुलीजवळ घेतलं. नाचणीची भाकरी, खेकड्यांचं कालवण. घरातच एका बाजूला म्हैस. तिचा वास आला आणि मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

धारेची वेळ झाली तशी भिमाबाई उठल्या. मी म्हटलं, "मी बसू?" त्यांनी भांडं पुढं केलं. म्हैस परकी, घर परकं, माझ्या अंगात बारामतीच्या बाजारातला विंडचीटर. तिनं मला एकदा हुंगलं आणि पान्हा सोडला. सरळ. मी तिच्या पोटाला डोकं टेकून धार काढत बसले. कितीतरी वेळ. दूध संपलं तरी बसले होते.

भिमाबाई म्हणाल्या, "घरला हाय वाटतं म्हस."

"व्हय," म्हटलं. "हाय का गेली, ते कळायचंय."

१७ ऑगस्ट, रविवार

पाऊस. ओढा तसाच. फोन नाही. आज घरी पोचायचं होतं. सकाळची आणि संध्याकाळची, दोन्ही धारा भिमाबाईंच्याच काढल्या.

१८ ऑगस्ट, सोमवार

पहाटे ओढ्याचा आवाज उतरला. एकमेकींचे हात धरून ओलांडला. सिंधुबाईंच्या पायात भिमाबाईंच्या चपला. रस्त्याला लागलो, भोरहून गाडी. बारामती जवळ आली तसं ऊन. रस्ता कोरडा ठणठणीत! आमच्याकडं थेंब पडला नव्हता. कॅनॉल मात्र काठोकाठ वाहत होता. मी त्या पाण्याकडं ओळख असल्यासारखं पाहिलं.

रेंज आली होती. फोन केला नाही. जे असेल ते डोळ्यांनी बघू म्हटलं.

घरी पोचले ती बोचकं पाठीवर तसंच ठेवून गोठ्यात गेले. चंद्री उभी होती. तिच्याखाली कुणीतरी बसलं होतं, डोक्यावरून वाकळ घेतलेलं. एवढ्या उकाड्यात वाकळ. बादलीत धारेचा आवाज. तो आवाज ऐकला आणि मी तिथंच गव्हाणीला टेकले.

यांनी वाकळीतून तोंड बाहेर काढलं. घामानं निथळत होते. "पातळाला वासच ऱ्हायला न्हवता," म्हणाले. "मग शनिवारी सकाळी डोक्यात आलं. वाकळ तुज्याच जुन्या लुगड्यांची हाय. ती घिऊन बसलो. लई येळ बसलो. सोडलं तिनं." मग बादलीत बघत म्हणाले, "सुई न्हाय टोचली."

मला त्या वेळी ते फार आवडले. लिहून ठेवते, सांगणार नाही.

कास हाताला मऊ लागली. एका सडात थोडी गाठ आहे, ती जाईल. सासूबाई दारात उभ्या होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पातळ खुटीला लावलंय परत." मी "बरं" म्हटलं.

विकायचं कुणी बोललं नाही. रात्री जेवताना यांनी मला भाकरी वाढली. वाढून झाल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं असावं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पहाटे हिरवं पातळ नेसून बसले. चंद्रीनं हात हुंगला, पुन्हा हुंगला. भिमाबाईंच्या म्हशीचा वास असेल. मग लाथ झाडली, बादली गोठ्याबाहेर. हे वाकळ घेऊन आले, "सर जरा" म्हणाले आणि बसले. तिनं लगेच पान्हा सोडला.

मला रडू आलं. माझी होती ती.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग आता ह्यो इंदापूरला बहिणीकडं कसा जायाचा?"

"जातील की," मी म्हटलं. "संध्याकाळच्या धारेला परत येतील."

आणि आत जाऊन झोपले. उजाडलं तरी कुणी उठवलं नाही.