पदरात घेतलेली फुलकारी

आई, चंदीगडला जाऊन आले. तू असतीस तर पहिल्यांदा विचारलं असतंस, "कशाला गं एवढ्या लांब?" आणि उत्तर ऐकायच्या आत चहाचं आधण ठेवलं असतंस. तर ऐक. तुझ्या नातीनं तिकडचा मुलगा पसंत केलाय. पंजाबी आहे. दोघं तिथंच एका कंपनीत कामाला आहेत. भावकीत हे कळल्यापासून घर नुसतं तापलंय. थोरले दीर म्हणाले, "आपली भाषा न्हाई, जात न्हाई, पै-पाव्हणा न्हाई. उद्या पोरगी नांदंना झाली तर कुणाच्या दारात जायाचं?" ह्यांना विचारावं तर हे म्हणतात, "मी फौजी माणूस, मला सगळा मुलूख बराच दिसतोय. तू बघून ये. तू न्हाई म्हणालीस तर न्हाई." असं सगळं ओझं माझ्या डोक्यावर देऊन हे उसाला पाणी पाजायला गेले. पोरीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, तू नुसती ये. बाकी मी काय बोलत न्हाई." तिचा तो न बोलण्याचा आवाज मी ओळखते. लहानपणी ताप लपवायची तेव्हा असंच बोलायची.

घर कसं बघायचं हे मी तुझ्याकडूनच शिकले. माझं ठरत होतं तेव्हा तू या गावात एकटीच आली होतीस, हळदीचं बियाणं बघायचं निमित्त काढून. आधी पाणी मागायचं आणि कोण आणून देतंय ते बघायचं, हे तुझं शास्त्र. सुनेनं आणलं तर तिचं तोंड बघायचं. सासूनं स्वतः उठून आणलं तर घर चांगलं, डोळे झाकून पोरगी द्यावी. माझ्या सासूनं स्वतः तांब्या आणला. तू संध्याकाळी परत आलीस आणि भाकरी थापता थापता वडलांना म्हणालीस, "जमतंय." एवढंच. मी तिथंच बसून लसूण सोलत होते. मला कुणी विचारलं नाही आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही. असं विचारतात हेच माहीत नव्हतं.

चंदीगडात मुलाच्या घरी मी बसल्या बसल्या पाणी मागितलं. आई, पाणी मुलानं आणलं. ट्रेमध्ये, सोबत गुळाचा खडा ठेवून. आता तुझ्या शास्त्रात पोरानं पाणी आणलं तर काय समजायचं ते कुठंच नाही. मुलाचे वडील वारलेत. आई दवाखान्यात नर्स होती, आता घरी असते, उंच, गोरी, हसली की खांदे हलतात. दुसऱ्या दिवशी पोरं कामावर गेली आणि ही बाई मला म्हणाली, "चलिये बहनजी, आपको शहर दिखाती हूँ." स्वतः गाडी काढली. मी पुढच्या सीटवर बसून नुसती बघते आहे. रस्ते सुतानं आखल्यागत सरळ, दोन्ही बाजूंना झाडं, चौकाचौकात फुलं. गल्लीला नाव नाही, आळी नाही, पेठ नाही, सगळे सेक्टर आणि त्यांचे आकडे. मी म्हटलं, इथं माणूस हरवला तर खूण काय सांगायची? आपल्याकडं कारखान्याची चिमणी दिसली की माणूस घरी येतं. ती म्हणाली, "यहाँ कोई खोता ही नहीं." मी मनात म्हटलं, बघू.

तिनं मला एका बागेत नेलं. सगळी बाग मोडक्यातोडक्या वस्तूंची. फुटक्या कपबश्या, फरशीचे तुकडे, आणि बांगड्यांच्या काचांच्या बायकांचे पुतळेच्या पुतळे, रांगेनं उभे. आपल्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, आणि वाढवलेल्या बांगड्यांचे तुकडे तू कुणाच्या पायाखाली येऊ द्यायची नाहीस. इथं त्यांनाच चोळ्या-घागरे करून सन्मानानं उभं केलंय. मला लय आवडलं ते. मी तिला माझ्या मोडक्या हिंदीत हे वाढवण्याचं सांगितलं. ती थांबून ऐकत राहिली. मग तिनं स्वतःच्या मोकळ्या मनगटाकडं बघितलं आणि म्हणाली, नवरा गेला तेव्हा शेजारणींनी बांगड्या काढायला लावल्या, आता तुमची मुलगी दर सणाला आणून देते आणि मी लाजून घालत नाही. मी म्हटलं, "घालो जी. लाजना कायको?" माझं हिंदी ऐकून तिचे खांदे हलले.

दुपारी बावीस सेक्टरच्या बाजारात गेलो. तिथं गेल्यावर मी आपल्या मुलखात आल्यासारखी झाले, कारण तिथं भाव करता येतो. इस्लामपूरच्या बाजारात तू मला शिकवलेलंस, भाव पटला नाही की तोंड फिरवायचं आणि मागं न बघता चालू लागायचं, तो हाक मारतोच. एका दुकानात चादरीवरून मी तसं केलं. मागं बघितलं नाही. चार दुकानं गेली, हाक काही आली नाही. मग जरा वळसा घालून मीच परत गेले आणि म्हटलं, "हां, बोलो, आखरी बोलो." तो माणूस माझ्याकडं बघतच राहिला. ते दुकानच दुसरं होतं. सगळी दुकानं एकसारखी, आई, तिथं रुसून जायची सोयच नाही. त्या नवख्या दुकानदाराशी मी अर्ध्या भावापासूनच सुरुवात केली होती, त्यामुळं चादर मात्र स्वस्त पडली.

आणि मग ते घडलं. मुलाची आई शेजारच्या दुकानात शिरली होती. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक फुलकारी होती, म्हणजे तिकडची भरतकामाची ओढणी. लाल कापड आणि त्यावर पिवळ्या रेशमाची अशी दाट फुलं की कापड दिसायचं नाही. वर सुक्या खोबऱ्याची वाटी. "ये बिटिया के लिए," असं म्हणून तिनं ते पुढं केलं, आणि माझे दोन्ही हात आपोआप पदराला गेले. पदर पसरला आणि मी ते पदरात घेतलं. वडीलधारी बाई काही देतेय म्हटल्यावर आपले हात दुसरं काही जाणतच नाहीत. कापड आणि खोबरं, पोरीच्या नावानं, मुलाच्या आईकडून, पोरीच्या आईच्या पदरात. आपल्यात याचा अर्थ काय होतो, तुला सांगायला नको. ठरलं, असा होतो. मी भर बाजारात लग्न ठरवून मोकळी झाले होते.

मला तू आठवलीस. मी परकरात होते तेव्हाची. हळदीकुंकवाला एका बाईनं माझ्या ओच्यात खण-नारळ टाकला होता आणि तिचा डोळा आपल्या घराच्या जमिनीवर होता. तू सगळ्या बायकांसमोर तो खण उचललास, तिच्या हातात परत दिलास आणि घरी आल्यावर मला फैलावर घेतलंस. "कुणी काय बी घालील, म्हणून ओटी पुढं करायची न्हाई. ओटीत पडलं की संपलं, समजलं का?" ते बोलणं ऐकत मी त्या बाजारात उभी. आणि ही बाई हुशार. माझा चेहरा बघून तिला कळलं, काहीतरी झालंय. मी सांगितलं, आमच्यात असं असं असतं. ती म्हणाली, आमच्यातही चुनरी दिली की असंच, पण मी तशा मनानं दिली नाही, आवडली म्हणून घेतली. तिनं हात पुढं केला. "आप आराम से सोचिये. मैं रख लेती हूँ, कोई बात नहीं."

परत द्यायची वाट अशी तिनंच उघडून दिली. तू दिली असतीस का, आई? मला नाही ठाऊक. मी विचार केला तो एवढाच: मोठ्या मनाची बाई आहे ही, दिलेलं परत घेतानाही माझी लाज राखतेय. अशा सासूकडं पोरगी रडत बसेल का? मी पदर खोचला. म्हटलं, "रहने दो, विहीणबाई. पडलं ते पडलं." तिला सगळे शब्द कळले नसतील, पण ती तिथंच दुकानदारासमोर रडली आणि तिला बघून मीही.

रात्री घरी फोन लावला. थोरल्या दिरांनीच उचलला. "आलीस का बघून?" "आवं दादा, बघून न्हाई, ठरवून आले. कापड घेतलं पदरात." मग म्हणाले, "कापड घेतलंस म्हणल्यावर आता आमी काय बोलायचं?" रागानं म्हणाले, पण शब्द मागं घेणारे ते नाहीत. मग ह्यांनी फोन घेतला. हे काय बोलतात म्हणून मी कान लावला, तर म्हणाले, "कंच्या रंगाचं हाय?"

आता जावा, शेजारणी फुलकारी बघायला येतात. एवढं धाडस केलंस कसं म्हणतात. मी ताठ मानेनं सांगते, मुलगा बघितला, सासू बघितली, पोरीचं सुख बघितलं, हो म्हणून आले. ते खरंच आहे आणि त्याचा मला एका क्षणाचाही पस्तावा नाही. पण निघायच्या दिवशी पहाटे पोरीनं मला तळ्यावर नेलं होतं. ती पळायला गेली, मी काठावरच्या कट्ट्यावर बसले. माझ्या वयाच्या बायका बूट घालून एकट्या चालत होत्या. कुणी थांबून विचारलं नाही, कुणाची गं तू, कुठल्या घरातली, एकटीच कशी. पोरगी लांबून घामानं निथळत, हसत माझ्याकडं येत होती, आणि मला तिचा हेवा वाटला, आई. पोटच्या पोरीचा. हे तिला कळू द्यायचं नाही, म्हणून तुला लिहिलं.