दुपारी गार होणारी टाकी

३ फेब्रु.
ऊन कडक. तरी दुपारी सोलरच्या टाकीत पाणी ३८ अंश. एवढ्या उन्हात पंचावन्न तरी हवं. लेकाने, अभिने पुण्याहून येऊन मोबाईलला जोडलेला मीटर बसवून दिला, तेव्हापासून रोज बघतोय. काचेच्या नळ्या पुसल्या. सुनंदा खालून, "अहो, उतरा की आता! रेल्वेनं सोडलं तर सोलरनं धरलं!"

५ फेब्रु.
पुन्हा तेच. सकाळी छान गरम, दुपारी धाडकन खाली. गार पाण्याची टाकीही लवकर संपतेय, आणि नळ चार-पाच दिवसांनी. गळतीच असणार.

६ फेब्रु.
प्लंबर रफिक आला. सगळे जोड तपासले. "काका, लिकेज न्हाय कुटंच. वापर वाढलाय तुमचा." घरात माणसं दोन, वापर कसला वाढतोय? चिडलोच त्याच्यावर. सुनंदाने त्याला चहा दिला. थोड्या वेळाने परत चहा घेऊन आली. बिचारा तोही प्यायला.

८ फेब्रु.
मीटर धरून घरीच बसलो. जेवणाआधी आकडा घसरायला लागला. न्हाणीघरात पाण्याचा आवाज. सुनंदा. सकाळी तिला टॉवेल मीच दिला होता.
बाहेर आली. "आज उशीरच झाला बाई आंघोळीला."
चहाच्या वेळी पुन्हा.

९ फेब्रु.
म्हटलं, "झाली की तुझी आंघोळ सकाळी." आधी हसली. मग केसांना हात लावून पाहिला. ओले. आत जाऊन दार लावून घेतलं. जेवली नाही.

१० फेब्रु.
अभिचा फोन. "बाबा, टाकी रोज दुपारी गार दाखवतीये. कंपनीला कळवू का?" नको म्हटलं, बघतो मी. सांगायला हवं होतं. नळ्यांवरच्या धुळीचं बोलत बसलो.

१२ फेब्रु.
करू नये ते केलं. नाश्ता झाल्यावर ती पुन्हा न्हाणीघरात शिरली, तसा वर जाऊन गरम पाण्याचा कॉक बंद केला. म्हटलं, पाणी नाही आलं तर बाहेर येईल. आतून हाक, "अहो, पाणी गेलं! साबण लावलाय अंगाला!" धावत वर गेलो. घाईत कॉक फिरेना.
स्वतःचीच लाज…

१३ फेब्रु.
डॉक्टरांकडे एकटाच जाऊन आलो. तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही म्हणाले. सोमवारी बोलावलंय. तिला काय सांगून न्यायचं?

१४ फेब्रु.
गच्चीत बसलो होतो. सुनंदा वर आली, ओले केस मोकळे सोडून. शेजारी टेकली.
"अजून सापडला नाही का बिघाड?"
"नाही."
"सापडेल हो. होटगीला रात्री-बेरात्री बोलवायचे तुम्हाला सिग्नल बिघडला की. सापडल्याशिवाय कधी घरी आलात?"
सांगावं, आत्ताच. तोंड उघडलं. तेवढ्यात ती गुडघ्यावर हात टेकून उठली.
"चला, माझी आंघोळ राहिलीय अजून."
मीटरवर ४१.
म्हटलं, "जा. पाणी गरम आहे."