तिने लगेच केर का काढला?

रविवार, नेरूळ

त्या जुन्या कादंबरीतलं ते पान आज परत वाचलं. अजूनही डोक्यात शिरत नाही. नवरा दूरदेशी निघतो, बैलगाडी वळणाआड जाते, आणि ही बाई लगेच झाडू घेऊन घर झाडायला लागते. रडत नाही, चिडत नाही. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की लगेच केर काढायचा नाही, गेलेलं माणूस परत येत नाही म्हणतात. त्या काळच्या बाईला हे माहीत नसेल? की त्याने परत येऊच नये असं वाटत होतं तिला? की लेखकानेच जन्मात कधी झाडू हातात धरला नव्हता?

सईला विचारलं होतं. पुस्तक तिच्याच कॉलेजच्या अभ्यासाचं. म्हणाली, "अगं आई, कचरा झाला असेल, काढला. एवढं काय टेन्शन?"

दुपारी सई गेली. बंगलोरची नोकरी. हॉलभर सुतळ्या, फाटके खोके, नव्या कपड्यांची लेबलं. अंगात त्राण नाही, पण ते कारण नव्हे. झाडू उचलला आणि परत ठेवला. कसा काढला असेल तिने केर?

संध्याकाळी हे न्हावा शेवाहून ड्यूटी करून आले. असल्या गोष्टींना कायम हसणारा माणूस. पसारा बघून आता बोलणार, म्हणून मी तयारीतच बसले होते. हे मात्र सुतळ्या ओलांडत गेले, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि बाल्कनीत नेऊन दाराआड ठेवला.

"उद्या काढू," म्हणाले.