ग्रेगरी रुमाव फरार नसल्याबाबत

प्रति,
मा. श्री. गोविंदराव कापडणीस,
प्रमुख, भाडेकरू विभाग,
मालमत्ता व्यवस्थापन कंपनी, मुख्य कार्यालय, दोहा, कतार.

अर्जदार : व्हॅलेरी ग्रेगरी रुमाव, राहणार लुसैल.

विषय : अल गराफा येथील व्हिला कंपाउंडच्या फाटकावरील ‘भाडेकरू फरार’ ही सूचना उतरवून त्याच जागी दुरुस्तीची सूचना लावण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या सहीची दि. १३ जुलै २०२५ ची सूचना. २) अर्जदाराचे इंग्रजीतील सहा अर्ज. ३) त्या सहाही अर्जांना आलेले एकच उत्तर.

महोदय,

अर्जदार हा अर्ज मराठीत करीत आहे, कारण इंग्रजीत लिहिले की उत्तर आपला संगणक देतो. त्याला मराठी येत नसावे. आपल्याला येते.

१. अर्जदाराचे वडील ग्रेगरी रुमाव, मूळ राहणार गिरीज, तालुका वसई, हे एकोणीस वर्षे दोह्यातील एका रुग्णालयाच्या भांडारात नोकरीस होते. त्यांपैकी अकरा वर्षे ते आपल्या कंपनीच्या व्हिला क्रमांक ९ मध्ये वरच्या मजल्यावर एकटेच राहिले. करार त्यांच्याच नावे होता. अकरा वर्षांत त्यांच्याविरुद्ध एकच तक्रार झाली, गच्चीवर ड्रममध्ये कढीपत्ता लावल्याची. पाहणीला आलेले आपले अधिकारी जियाद यांनी ताकीद दिली आणि जाताना एक डहाळी तोडून नेली.

२. दि. ६ जुलै रोजी वडील हृदयविकाराने वारले. दुसऱ्या दिवशी दाखला हाती येताच अर्जदार तो घेऊन आपल्या कार्यालयात गेली. काउंटरवरील जन्नत यांनी प्रत ठेवून घेतली, अर्जदाराच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून दिला, आणि न मागता पाण्याची बाटली पुढे केली. म्हणजे भाडेकरू मरण पावल्याचे कंपनीला ७ जुलैपासून लेखी ठाऊक आहे.

३. दि. ९ रोजी शवपेटी घेऊन गावी निघताना अर्जदाराने घराची किल्ली फाटकावरील रहमान यांच्याकडे दिली. झाडाला रोज पाणी घाला, या उन्हात ते दोन दिवसही जगणार नाही, एवढेच त्यांना सांगितले. गिरीजला मयताच्या घरची माणसे दफनाला निघाली की किल्ली शेजारी देतात. मयताच्या घराला कुलूप घालून सगळ्यांनी निघून जाणे बरे दिसत नाही. अर्जदार या शहरात आठ वर्षे नोकरी करते, तरी त्या दिवशी तिला गावचीच रीत सुचली. ही तिची चूक, आणि ती कबूल आहे. आपल्या नियमपुस्तिकेच्या चौदाव्या कलमाप्रमाणे फॉर्म न भरता किल्ली फाटकावर सोडून जाणारा भाडेकरू फरार समजला जातो.

४. फरार ठरवण्यापूर्वी कंपनीने रीतसर चौकशी केली, असे फाइलमध्ये नमूद आहे. ती चौकशी अशी. वडिलांच्या मोबाइलवर चार दिवसांत अकरा फोन केले गेले. त्यांपैकी तीन १० जुलैच्या सकाळचे आहेत. त्या वेळी गावच्या दफनभूमीत त्यांच्यावर माती लोटली जात होती. शेरा आहे, ‘भाडेकरू हेतुपुरस्सर फोन टाळत आहे.’ त्यानंतर जियाद यांनी रहमान यांना विचारले. रहमान म्हणाले, “साहब, बाबा भागा नहीं, बाबा मर गया.” शेरा आहे, ‘द्वाररक्षक उडवाउडवीची उत्तरे देतो.’ किल्ली घेतल्याबद्दल आणि खरे बोलल्याबद्दल रहमान यांना मेमो मिळाला.

५. दि. १३ रोजी वडिलांचे नाव आणि ओळखपत्रावरचा फोटो फाटकावरच्या काचेच्या फलकात लागला. खाली मजकूर, ‘या इसमाचा ठावठिकाणा कळल्यास कंपनीस कळवावे.’ येथील चर्चला येणाऱ्या एका ओळखीच्याने जाता-जाता त्याचे छायाचित्र काढले आणि ‘हा आपलाच ग्रेगरी का?’ असे विचारत गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. दफनानंतर सातव्या दिवशी घरी प्रार्थना होती. अंगणात खुर्च्या मांडणाऱ्या एका काकांनी अर्जदाराच्या आईला, हेलन यांना, सगळ्यांदेखत विचारले, “हेलन, ग्रेगरीने तिकडे काय करून ठेवलं होतं गं? आमच्यापासून कशाला लपवतेस?”

त्या दिवसापासून आई चर्चची पायरी चढलेली नाही. नवरा परदेशी असताना एकोणीस वर्षांत तिने आजारपणाखेरीज एक रविवार चुकवला नव्हता. येत्या ६ ऑगस्टला वडिलांना जाऊन महिना होईल, त्याची चर्चमधली प्रार्थना, मिस्साबलिदान, आहे. विधवेनेच जायचे नाही, असे गिरीजला कोणी ऐकलेले नाही. अर्जदार रोज फोन करून विनवते. आई रोज एकच सांगते, “आधी तो कागद उतरव. मग माझ्याशी बोल.”

६. अर्जदाराने सहा अर्ज केले. सहाही वेळा उत्तर वडिलांच्या नावे आले : प्रिय ग्रेगरी, आपण आमच्याकडे राहिलात याचा आनंद आहे, घर सोडण्याच्या अनुभवाला पाचपैकी किती तारे द्याल? फरार हा शेरा काढायचा तर संबंधित इसमाने निवासी ओळखपत्रासह स्वतः हजर राहावे, असेही त्यात आहे. ते शक्य नसल्यास ‘स्थलांतर फॉर्म’ भरावा. अर्जदाराने तोही भरला. नव्या पत्त्याच्या रकान्यात गिरीजची दफनभूमी लिहिली. पुढचा रकाना नव्या घरमालकाच्या नावाचा होता आणि तो भरल्यावाचून फॉर्म स्वीकारला जात नव्हता. अर्जदार श्रद्धावान आहे, तरी त्या रकान्यात तिने कोणाचे नाव घातले नाही.

७. आता आपल्याविषयी. आपण दर नाताळात वडिलांकडे आमच्याकडचे तळलेले गोड फुगे खायला येत असा. दि. ८ जुलै रोजी शवागाराबाहेर प्रार्थना झाली तेव्हाही आपण हजर होता. आपण शवपेटीला हात लावून नमस्कार केलात आणि अर्जदाराला म्हणालात, “ताई, काही लागलं तर हक्काने सांगा.” पाचव्या दिवशी लागलेल्या सूचनेखाली आपली सही आहे. परवाच्या गुरुवारी अर्जदाराने फोनवर याचा जाब विचारला, तेव्हा आपण म्हणालात, “अहो, ती सही सिस्टम टाकते. मी कुठे एवढं वाचत बसतो?”

शवपेटीला नमस्कार सिस्टमने केला नव्हता, गोविंदराव.

८. अर्जदाराला अनामत नको, दिलगिरीचे पत्र नको, फुलांचा गुच्छ तर नकोच. मागणी एवढीच : ५ ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत ती सूचना उतरवावी. सोबतचा मजकूर त्याच काचेत, त्याच मापाच्या कागदावर, तितक्याच जाड अक्षरांत लावावा. आधीची सूचना आजवर एकवीस दिवस लोकांनी वाचली, ही निदान तितके दिवस वाचू द्यावी. खाली सही आपण पेनने करावी, म्हणजे मजकूर एकदा तरी वाचला जाईल. रहमान यांचा मेमो रद्द करावा. छायाचित्र अर्जदार स्वतः काढील आणि गावच्या त्याच गटावर पाठवील.

आपली, अद्याप नम्र,

व्हॅलेरी ग्रेगरी रुमाव
लुसैल, दि. ३ ऑगस्ट २०२५

सोबत : १) मृत्यूच्या दाखल्याची प्रत, आपल्या ७ जुलैच्या शिक्क्यासह. २) लावावयाच्या सूचनेचा मजकूर, पुढीलप्रमाणे :

सूचना

व्हिला क्रमांक ९ मधील रहिवासी श्री. ग्रेगरी रुमाव हे फरार नाहीत. ते ६ जुलै २०२५ रोजी वारले. या कंपनीला हे दुसऱ्या दिवसापासून माहीत होते. खाली सही करणारा त्यांच्या प्रार्थनेला हजर होता.