आठाच्या वर लाल

सोमवार, ३ जून
धाकटी जाऊ आजपासून आमच्याच लसींच्या कोठारात. घरीही तीच, कामावरही तीच!

बुधवार, १२ जून
फ्रिजांची तापमानं कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात भरायची आणि आकडा आठ अंशांच्या वर गेला की तो चौकोन लाल करायचा. इतकी वर्षं हे काम माझं. एकेक चौकोन, हाताने. आज जावेने इवलासा कोड लिहिला. आकडा टाकला की चौकोन आपोआप लाल!
साहेब खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. "वा! हे आधी कोणाला कसं सुचलं नाही?"
कोणाला म्हणजे मलाच ना? मी मागेच उभी होते. भिंतीसारखी.

गुरुवार, १३ जून
घरीही तेच. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या — "धाकटी फार हुशार!" आणि मोठी? मोठी नुसतीच मोठी! वर नवरा म्हणतो, "तूही शिकून घे ना तिच्याकडून." भाजी करपली. करपू दे.

सोमवार, १७ जून
जाऊ जेवायला उठली. कोड उघडाच होता. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण एका ओळीत आठ दिसला, अलीकडे 'पेक्षा जास्त'चं चिन्ह. एवढंच? एवढ्यासाठी इतका उदोउदो? तिने तोराही मिरवला नाही — ते तर जास्तच झोंबतं.
चिन्ह उलटं केलं. सेव्ह केलं. आत कुठेतरी गार वाटलं.

मंगळवार, १८ जून
सकाळी आकडे भरले — तक्ता लालेलाल! साहेब तिच्यावर उखडले. मला मजा येणार होती. पण एकच चौकोन पांढरा राहिला. कोपऱ्यातला फ्रिज. अकरा अंश! तान्ह्या बाळांच्या लसी त्यात.
मी तोंड उघडेपर्यंत जाऊ धावलीसुद्धा. "ताई, बर्फाच्या पेट्या आणा, पटकन!" दोघींनी सगळ्या बाटल्या हलवल्या. वाचल्या — थोडक्यात.
"हे झालं कसं?" साहेब.
"चिन्ह उलटं पडलं. चूक माझी," ती म्हणाली.
मी पेट्यांची झाकणं लावत राहिले.

बुधवार, १९ जून
स्वयंपाकघरात तिला गाठलं. "काल ते... मी—"
"माहितीये. फाइल कोणी बदलली ते दिसतं." ती भांडी पुसत राहिली. मग वळून म्हणाली, "पण ताई, नेमकी ओळ सापडली तुम्हाला! कधी शिकलात?"