शांतवनच्या नावावर माझी हरकत

रवि., २ मार्च
शांतवनचं नाव आज चर्चमध्ये पुकारलं, म्हणून लिहायला बसले. बोलले तर शिव्या येतील.
माझ्या धाकट्या बहिणीला, सुशीलाला, आजारात टाकून हा तिचा नवरा दुसरीकडे राहायला गेला. ती गेली तर मातीलाही आला नाही. चर्चच्या मंडळीनं सभासदांतून नाव कमी केलं. आता परत घ्या म्हणतो. रिवाज असा: दोन रविवार नाव पुकारायचं, हरकत असेल त्यानं लेखी द्यायची. तिसऱ्या रविवारी प्रभुभोजनाला, मेजावरची भाकर न् द्राक्षारस घ्यायला, बोलावणार. मेज मी मांडते. माझ्या हातची भाकर तो खाणार? बघतेच.

मंगळ., ४ मार्च
हरकत लिहिली. फुलस्केप तीन पानं. वाचतील तेव्हा त्याच्या समोरच बसणार.

शुक्र., ७ मार्च
शां. स्वतः आला, मोहोळहून. दारातच उभा केला. पाणी विचारलं नाही. दम लागला होता त्याला, बरं वाटलं.
"आक्का, माफी मागायला आलो."
"आधी काहीतरी करून दाखवा, शांतवनराव. मग मागा."
"दाखवायला काय बी न्हाय की. असतं तर येशूकडं कशाला गेलो असतो?"
पाठ करून आला असणार. दार लावलं.

रवि., ९ मार्च
दुसऱ्यांदा पुकारलं. पाळकांनी माझा कागद उभ्याउभ्या वाचला.
"बाई, त्याचा अपराध अर्ध्या पानात संपला. पुढची अडीच पानं तुमची सेवा. संडे स्कूल, उपास, देवासाठी रोज काढलेले मूठभर तांदूळ... हरकत घेताय की स्वतःची शिफारस करताय?"
परत दिला. शनिवारपर्यंत नीट लिहून आणा म्हणे. माझ्याहून वीस वर्षांनी लहान माणूस!

बुध., १२ मार्च
अडीच पानं फाडली. अर्धं उरलं, त्यातला शब्द न् शब्द खरा.
मुलांना तीस वर्षं शिकवलं, माणूस नीतिमान ठरतो तो विश्वासानं, कर्मांनी नव्हे. पाठ नसलं की बाकावर उभं केलं. पण सुशीला शेवटपर्यंत विचारायची, "आक्का, आले का ते?" आणि ह्याला माफी फुकट?
फुकट नाही. पण मग मी कशाच्या जोरावर

शनि., १५ मार्च
उद्याची भाकर मी कापणार नाही. गेलेच तर इतरांसारखी रिकाम्या हातानं जाईन.
पाळकांच्या हाती दिलं, सायं. ५:
मेजाच्या कपाटाची किल्ली.
पांढरं मेजवस्त्र, इस्त्री करून.
हरकत, अर्धं पान, बंद पाकिटात. वर लिहिलंय: मी उद्या मेजाजवळ आले तर न उघडता फाडावं. नाही आले तर सगळ्यांसमोर वाचावं, मोठ्यानं.